कासवाचा पोटमाळा

एका जंगलात एक तळं होतं, बाळांनो. तळ्याकाठी मोबाइलची रेंज बरी यायची, म्हणून तिथे वस्ती दाट होती. त्या वस्तीत त्रिंबकराव नावाचे एक कासव आपल्या बायकोबरोबर राहत होते. बायकोचं नाव इंदुमती.

कासवांचं एक बरं असतं. घर शोधावं लागत नाही. जन्माला येतानाच ते पाठीवर मिळतं. त्रिंबकरावांचं घर त्रिंबकरावांच्या पाठीवर होतं आणि इंदुमतींचं इंदुमतींच्या. दोघांची घरं वेगळी असल्यामुळे संसार सुखाचा चालला होता.

एके दिवशी त्रिंबकराव कवठाच्या झाडाखाली डुलकी काढत होते. वरून एक कवठ पडलं. त्रिंबकरावांना काही झालं नाही, पण घराला मधोमध चीर गेली.

चीर तशी बारीक होती. पण वारा सुटला की तिच्यातून शीळ वाजायची. त्रिंबकराव बिचारे तोंड मिटून बसलेले असायचे आणि पाठीतून शीळ. येणाऱ्याजाणाऱ्या बेडकिणी वळून बघायच्या.

"अहो, हे आधी बुजवून घ्या," इंदुमती म्हणाल्या. "चारचौघांत बरं दिसत नाही."

जंगलात एक सुतारपक्षी होता. त्याला सगळे टोचे मिस्त्री म्हणत. कारागीर फार चांगला, असं लोक सांगायचे. ज्यांच्याकडे तो अजून आला नव्हता, ते जास्त सांगायचे.

टोचे मिस्त्री आला. पाठीवर उतरला. चोचीने दोनचार ठिकाणी वाजवून बघितलं आणि मान तिरकी केली.

"हे आधी कोणी केलंय?" त्याने विचारलं.

"केलंय कसलं? जन्मापासून असंच आहे."

"तरीच," मिस्त्री म्हणाला. "उद्या येतो."

आणि उडून गेला. बाळांनो, 'उद्या' हा मिस्त्री लोकांचा सण आहे. तो कधी येतो ते पंचांगात दिलेलं नसतं.

त्रिंबकरावांनी पुष्कळ वाट पाहिली. वाट बघताना माणूस मोबाइल बघतो, तसं कासवही बघतं. मोबाइलमध्ये एक वानर यायचं. 'घरच्या घरी' हा त्याचा कार्यक्रम. घरच्या घरी गळती बंद करा. घरच्या घरी दिवे लावा. घरच्या घरी पोटमाळा काढा. वानर फांदीवर बसून हे सगळं हसत हसत सांगायचं. त्याला स्वतःचं घर नव्हतं, त्यामुळे त्याच्या घरात कधी काही बिघडत नसे.

"मित्रांनो, मिस्त्री कशाला हवा? तुमचे हात काय कमी आहेत का?" वानर विचारायचं.

त्रिंबकरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. कमी वाटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कावळ्याच्या भंगाराच्या दुकानातून लांबीचा डबा घेऊन आले. लांबी म्हणजे भेगा बुजवायला भरतात तो लगदा. त्यांनी डबा उघडला, लांबी कालवली, हातावर घेतली आणि हात मागे नेला.

हात पाठीला पोचला नाही.

त्यांनी दुसरा हात नेऊन बघितला. मग एक पाय नेऊन बघितला. मग थोडा वेळ ते तळ्याकडे बघत बसले.

"इंदू," ते म्हणाले, "जरा इकडे ये. फक्त धरायचं आहे."

बाळांनो, 'फक्त धरायचं आहे' हे वाक्य मोठेपणी तुमच्याही कानावर पडेल. इंदुमतींनी लांबी धरली, मग चिरेत भरली, मग पानाने घासून सपाट केली. त्रिंबकराव पुढे तोंड करून बसले होते आणि न बघता सूचना करत होते. "जोर नको लावूस. आता लाव. अगं, तिकडे नाही." लांबी वाळली. वारा सुटला. शीळ वाजली नाही.

"बघ," त्रिंबकराव म्हणाले. "मी केलं."

आणि सगळा घात इथेच झाला. पहिलंच काम फसलं असतं तर गोष्ट संपली असती. ते जमलं.

त्यानंतर त्रिंबकरावांना घरात काय काय नाही ते दिसायला लागलं. दिवे नव्हते. ते कावळ्याकडून बारक्या दिव्यांची माळ, वायर, एक जुनी बॅटरी आणि पक्कड घेऊन आले. "इंदू, फक्त धरायचं आहे," ते म्हणाले, आणि कवचाच्या काठाने दिव्यांची माळ लागली. मग घराला बेल नव्हती. बेल म्हणजे भिंतीतून वायर न्यायची, म्हणून गिरमिट आणलं. इंदुमतींनी ते फिरवून भोक पाडलं, वायर आत ओवली आणि बटण लांबीत बसवलं. "लांबी वाळेपर्यंत बटण कोणी दाबू नये," त्रिंबकरावांनी वस्तीत सांगून टाकलं. बेडकांनी ते इतकं मनावर घेतलं की लांबी दगडासारखी वाळली तरी कोणी दाबलं नाही.

आता प्रश्न राहिला बॅटरीचा. ती बाहेर ठेवली तर भिजेल. वानराने सांगितलं होतं की घरातली सगळ्यात वाया जाणारी जागा म्हणजे डोक्यावरची. तेव्हा त्रिंबकरावांनी कवचाच्या आत, पुढच्या बाजूला, फळी ठोकून पोटमाळा काढला आणि त्यावर बॅटरी ठेवली.

संध्याकाळी दिवे लागले. सगळी वस्ती बघायला आली. बेडूक म्हणाले, वा. खेकडा म्हणाला, आमच्या बिळात असं काही होईल का? त्रिंबकरावांनी सगळ्यांना सांगितलं की सगळं स्वतःच्या हाताने केलंय. इंदुमती मागे बसून हाताला चिकटलेली लांबी काढत होत्या.

लोक गेल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मान जरा आत घ्या बरं."

"कशाला?"

"सहज."

त्रिंबकरावांनी मान आत घेतली. ती अर्ध्यावर गेली आणि फळीला अडकली. त्यांनी कूस बदलून प्रयत्न केला. मग मान लांब करून, झटक्यात मागे घेऊन बघितली. डोकं बाहेरच राहिलं.

"आत बॅटरी आहे ना," इंदुमती म्हणाल्या.

"बघतो उद्या," त्रिंबकराव म्हणाले.

कासवाला मान आत घेता येत नाही म्हणजे काय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. इंदुमतींच्याही आलं होतं. त्यांना त्या दिवशी धड जेवण गेलं नाही. त्रिंबकराव मात्र आता पंखा कुठे बसवावा याचा विचार करत होते.

सकाळी तळ्यावर कोल्हा आला.

त्याचं नाव सर्जेराव. तो दिसला तसे बेडूक पाण्यात पडले. खेकडा बिळात गेला. इंदुमतींनी डोकं, हातपाय, सगळं आत घेतलं. त्रिंबकरावांनी हातपाय आत घेतले. डोकं घेता येईना. ते तसंच बाहेर ठेवून त्यांनी डोळे मिटले. कोल्हा आपल्याला दिसला नाही तर आपणही त्याला दिसणार नाही, असं त्यांना क्षणभर वाटलं. घाबरलेल्या जीवाला काहीही वाटतं.

सर्जेराव जवळ आला. आदल्या रात्रीपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. समोर मान होती, आणि ती पळतही नव्हती. त्याला हे जरा चमत्कारिक वाटलं. त्याने कासवाभोवती एक फेरी मारली. तेव्हा त्याला कवचावरचं बटण दिसलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"बेल," त्रिंबकराव डोळे न उघडता म्हणाले.

"दाबू?"

खायला आलेल्याने बेल वाजवून यावं की नाही, याबद्दल वानराने काही सांगितलं नव्हतं. तोवर सर्जेरावने बटण दाबलंसुद्धा.

बेल वाजली. गोड होती, चिमणीच्या आवाजाची. वाजली आणि वाजतच राहिली. सर्जेरावने बटणावरून पंजा काढला, तरी ती वाजतच होती.

"बंद कशी करायची?"

"ते अजून व्हायचंय," त्रिंबकराव म्हणाले.

सर्जेरावने कान पाडले. त्याने मानेकडे पाहिलं, मग बटणाकडे पाहिलं, आणि खाली वाकून जवळून पाहिलं.

"हे कोणी केलंय?"

त्रिंबकरावांना आपण आता मरणार हे माहीत होतं. तरी ते म्हणाले, "मी."

"मी धरलं होतं," इंदुमतींच्या कवचातून आवाज आला.

"बटण थेट लांबीत बसवलंय," सर्जेराव म्हणाला. "आत गेलं की तिथेच चिकटणार. वर कसं येईल ते? आणि वायरीला टेप नाही. आणि ही लाल वायर इथे कशाला?"

"काळी संपली होती."

सर्जेरावने ती लाल वायर पंजाने उचलून बघितली. त्याच्या मिशा थरथरत होत्या. भुकेने थरथरतात तशा त्या थरथरत नव्हत्या. शेवटी त्याला राहवेना.

"पक्कड आहे का?" त्याने विचारलं.

त्रिंबकरावांनी एक डोळा उघडला.

मग काय विचारता. सर्जेराव कासवाच्या पाठीशी मांडी घालून बसला. त्याने लांबी खरवडली, बटण सोडवलं, पुसलं, फुंकर मारून परत बसवलं. हात चालू असताना तो बोलत होता. तोही ते वानर रोज बघायचा, पण त्याला वानराचं पटत नव्हतं.

"तो वायर नुसती पिळायला सांगतो. चूक आहे. गाठ मारायला पाहिजे."

"पण पिळल्याने काम भागतं," त्रिंबकराव म्हणाले.

"भागतं म्हणजे काय? आज भागेल."

दोघांचा यावर चांगलाच वाद झाला. आपण वाद कोणाशी घालतोय हे त्रिंबकराव विसरून गेले. दिवस कलता कलता बेल बंद झाली. सर्जेरावने बटण दाबलं, बेल वाजली. सोडलं, थांबली. त्याने हे पुन्हा पुन्हा करून बघितलं. जंगलात त्याच्या चेहऱ्यावर असं हसू कोणी बघितलं नव्हतं.

"घरी हे जमत नाही," तो म्हणाला. "मी पक्कड हातात घेतली की आमची मंडळी पोरं घेऊन माहेरी जाते."

काम संपलं. सर्जेरावने पंजे झटकले आणि पक्कड खाली ठेवली. हात रिकामे झाले तशी त्याला भूक आठवली. त्याची नजर हळूहळू वळली आणि त्रिंबकरावांच्या मानेवर येऊन थांबली. त्रिंबकरावांनी पुन्हा डोळे मिटले.

इंदुमती हे कवचाच्या फटीतून बघत होत्या. त्यांचं घर धड होतं, त्यांना आतच राहता आलं असतं. पण त्यांनी डोकं बाहेर काढलं. मग हातपाय काढले आणि चालत चालत त्या नवऱ्याच्या मागे गेल्या. दिव्यांच्या माळेची कोणती वायर कुठून जाते हे त्या वस्तीत फक्त त्यांनाच माहीत होतं, कारण धरायला त्याच होत्या. त्यांनी एक वायर दातात पकडल्यासारखी जबड्यात धरली आणि हलकेच ओढली.

दिवे लुकलुकायला लागले.

"भावजी," इंदुमती म्हणाल्या. "एवढं केलंत, आता हेही बघता का? हे सारखं असं होतं."

भावजी म्हटल्यावर सर्जेराव ओशाळला. ज्या घरात आपल्याला भावजी म्हणतात त्या घरातलं माणूस खाणं जड जातं. आणि दिवे तर खरंच लुकलुकत होते.

"कनेक्शन लूज आहे," तो म्हणाला. "पण आता उजेड कमी झाला. उद्या बघू."

"मग निदान रिकाम्या पोटी जाऊ नका," इंदुमती म्हणाल्या आणि त्यांनी तळ्याकाठच्या वेलाच्या काकड्या आणून पुढे ठेवल्या. सर्जेरावने एक खाल्ली. मग सगळ्या खाल्ल्या. कोल्हा काकडीला राजी, असं जे लोक म्हणतात ते खरं आहे. फक्त आधी त्याला काहीतरी दुरुस्त करू द्यावं लागतं.

तो गेल्यावर त्रिंबकराव म्हणाले, "वायर मी पक्की केली होती. लूज कशी झाली?"

इंदुमतींनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "नीट ऐका," त्या म्हणाल्या. "तो उद्या येईल. काहीही झालं तरी 'झालं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

सर्जेराव दुसऱ्या दिवशी आला तो स्वतःची पिशवी घेऊन. तिच्यात कानस होती, टेप होती, वेगवेगळ्या मापांचे स्क्रू होते. त्याने दिवे नीट केले. मग इंदुमतींना वाटलं की पाठीवर एक फळी असती तर वाळवणाला झाली असती. फळी झाली. फळी एका बाजूला कलली. ती सरळ करताना माळ तुटली. माळ जोडताना बेल बिघडली. त्रिंबकराव आणि सर्जेराव सकाळी कामाला लागायचे आणि काकड्या येईपर्यंत मान वर करायचे नाहीत. बेडूक हळूहळू पाण्याबाहेर येऊन बसायला लागले. सर्जेरावला कोणाकडे बघायला वेळच नव्हता. खेकड्याने तर बिळाच्या दाराला बिजागरी बसवून घेतली.

इंदुमती रोज एक काहीतरी सैल करून ठेवायच्या. पुढेपुढे त्याची गरज उरली नाही. दोघांनी मिळून जे केलेलं असायचं ते आपोआप सुटायचं.

असे बरेच दिवस चांगले गेले. आणि मग एका सकाळी सर्जेरावने फळीखाली वाकून कवचात पाहिलं.

"त्रिंबकराव, एक विचारू? तुम्ही मान आत का घेत नाही?"

इंदुमतींच्या हातातली काकडी खाली पडली.

"जात नाही," त्रिंबकराव म्हणाले. ते भोळे होते. "पोटमाळा आडवा येतो."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही असेच?"

"असाच."

इंदुमतींना वाटलं, संपलं. पण सर्जेरावच्या चेहऱ्यावर भूक नव्हती. तिथे संताप होता, चुकीचं काम बघून चांगल्या कारागिराला येतो तसा.

"कासवाच्या घरात कासव जात नाही म्हणजे कसलं घर ते?" तो म्हणाला. "बेल कसली वाजवतो आपण? आधी हे व्हायला पाहिजे होतं."

आणि तो कामाला लागला. त्याने पोटमाळ्याची फळी सोडवली. बॅटरी बाहेर काढली. ती ठेवायला मागच्या बाजूला, शेपटीच्या वर, कोनाडा केला. सगळ्या वायरी नव्याने ओढल्या. त्याचे पंजे सोलले गेले. वाद घालायलाही तो थांबला नाही. त्या दिवसांत त्याने काकड्यांनाही हात लावला नाही, इतका तो त्या कामात बुडाला होता. इंदुमती जवळ बसून पाहत होत्या. काय होतंय ते त्यांना समजत होतं आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता.

शेवटचा स्क्रू बसला.

"घ्या आत," सर्जेराव म्हणाला.

त्रिंबकरावांनी मान मागे घेतली. कशालाही न अडकता ती सरळ आत गेली. मागोमाग हातपाय गेले. कवच मिटलं.

सर्जेरावने टाळ्या वाजवल्या. सगळ्या तळ्याकाठावर तेवढाच आवाज होता. मग टाळ्या वाजवता वाजवता त्याचे पंजे थांबले. समोर एक गच्च मिटलेलं कासव होतं. त्याला उघडायला कुठे फट नव्हती. ती सर्जेरावने स्वतःच बंद केली होती. आपण काय करून बसलो ते त्याच्या हळूहळू ध्यानात आलं.

तो खाली बसला. मग त्याने कानस पुसली, टेप गुंडाळली, स्क्रू गोळा केले आणि पिशवीत भरायला लागला. सावकाश भरत होता.

"चला," तो इंदुमतींना म्हणाला. "झालं मग काम."

हा शब्द त्यानेच काढला. इंदुमतींना हायसं वाटायला हवं होतं. नवरा वाचला होता, घर धड होतं, कोल्हा चालला होता. तरी पिशवी खांद्याला लावून उभ्या असलेल्या त्या कोल्ह्याकडे त्यांच्याने बघवेना.

आत त्रिंबकराव अंधारात बसले होते. मऊ होतं, ऊब होती. कुठेही लागत नव्हतं, कुठेही अडत नव्हतं. इतके दिवस ज्याची धास्ती होती ते आता बाहेर होतं आणि ते आत होते. त्यांनी बाहेर पावलांचा आवाज ऐकला. दूर जाणारी पावलं होती. त्यांनी आत इकडे मान फिरवली, तिकडे फिरवली. करण्यासारखं काहीच नव्हतं.

"सर्जेराव," आतून आवाज आला.

पावलं थांबली.

"डावीकडे जरा घासतंय."

सर्जेराव मागे वळला. "कुठे?"

"हे काय, इथे," त्रिंबकराव म्हणाले, आणि दाखवण्यासाठी त्यांनी अख्खी मान बाहेर काढून सर्जेरावच्या तोंडापुढे धरली.

सर्जेरावने त्या मानेकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. तिथे घासण्यासारखं काही नव्हतं, हे त्यालाही दिसत होतं.

"हो, घासतंय खरं," तो म्हणाला आणि पिशवी खाली ठेवून बसला. "वहिनी, जरा इकडे या. फार काही नाही, फक्त धरायचं आहे."

तात्पर्य: हाती घेतलेले काम कधीही तडीस नेऊ नये. चुकून गेलेच, तर डावीकडे घासते आहे असे म्हणावे.